स्वस्तातले चिमटा-मीटर: दोन मीटरची तुलना नेमकी कशी करायची

दोन चिमटा-मीटर (चिमट्याच्या टोकांत पकडून बारीक इलेक्ट्रॉनिक पार्ट मोजणारे मीटर) शेजारी ठेवायचे, १० मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर आधी एकात आणि मग दुसऱ्यात धरायचा. एकावर ९.१ दिसतं, दुसऱ्यावर ७.४. मग ‘पहिला बरोबर, दुसरा भंगार’ असा निकाल लावून मोकळं व्हायचं. बहुतेकांची तुलना इथेच सुरू होते आणि इथेच संपते. प्रत्यक्षात ही दोन्ही रीडिंग बरोबर असू शकतात, कारण दोन्ही मीटरनी त्या कपॅसिटरला वेगळ्या व्होल्टेजवर तपासलेलं असतं. चुकतो तो तुलनेचा क्रम. आधी काय मोजायचंय ते ठरवायला हवं, मग मीटरचं शून्य साधायचं, मग भरवशाच्या पार्टवर दोघांना तपासायचं आणि बेभरवशाचे पार्ट सगळ्यात शेवटी घ्यायचे.

## टप्पा १: तुमच्या कामाची यादी करा

चिमटा-मीटर हे एकाच जातीचं उपकरण नाही. स्वस्तात ढोबळमानाने दोन जाती मिळतात.

पहिली जात म्हणजे चिमट्याच्या आकारातला मल्टिमीटर. तो डीसी प्रवाह सोडून रेझिस्टन्स मोजतो, कपॅसिटर चार्ज व्हायला किती वेळ लागतो त्यावरून कपॅसिटन्स काढतो आणि डायोड तपासतो. इंडक्टर त्याला कळत नाही. मास्टेकचा एमएस८९१० याच जातीचा. दुसरी जात खऱ्या एलसीआर मीटरची. तो ठरावीक फ्रिक्वेन्सीचा एसी सिग्नल सोडतो आणि व्होल्टेज व प्रवाह यांच्यातल्या फेजवरून रेझिस्टन्स, कपॅसिटन्स, इंडक्टन्स, ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स) हे सगळं काढतो. मिनीवेअरचा डीटी७१ या जातीचा. या दोन जातींची आपसात तुलना करण्यात अर्थ नाही.

ट्रेमध्ये सांडलेले चिप रेझिस्टर आणि कपॅसिटर वेगळे करणं एवढंच काम असेल, तर पहिली जात पुरते. पॉवर सप्लायची दुरुस्ती, इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर, इंडक्टर यातलं काही करायचं असेल, तर दुसरीच हवी. पण ‘एलसीआर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कमाल फ्रिक्वेन्सी किती ते बघा. त्यासाठी दोन हिशेब पुरेत.

- १० पिकोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला सुमारे १६ मेगाओमचा अडथळा देतो, १० किलोहर्ट्झला १.६ मेगाओम आणि १०० किलोहर्ट्झला १६० किलोओम.
- १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर १० किलोहर्ट्झला जेमतेम ०.०६३ ओम देतो, १०० किलोहर्ट्झला ०.६३ ओम.

स्वस्त मीटरला १६ मेगाओम धड मोजता येत नाहीत आणि ०.०६ ओमही नाहीत. म्हणजे १० किलोहर्ट्झपर्यंतच जाणाऱ्या मीटरकडून १ मायक्रोहेन्रीच्या आतलं काही अपेक्षू नये, मग खोक्यावर रेंज कितीही खालपासून छापलेली असो.

इशारा: फेराइट बीड (उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा पार्ट) कुठल्याच चिमट्यात नीट कळत नाही. त्यावरची ओमची संख्या १०० मेगाहर्ट्झची असते. चिमट्यात बीड जवळजवळ शॉर्ट दिसतो, आणि म्हणून तो फेकायचा नसतो.

## टप्पा २: स्पेसिफिकेशन वाचताना या चार ओळी शोधा

जाहिरातीत ठळक छापलेली अचूकता ही बहुतेकदा सर्वात सोप्या रेंजची असते. स्पेसिफिकेशनच्या सविस्तर तक्त्यात शोधायच्या चार गोष्टी अशा: प्रत्येक रेंजची वेगळी अचूकता, चाचणीच्या फ्रिक्वेन्सी, चाचणीचं व्होल्टेज आणि शून्य साधायची सोय. चाचणीचं व्होल्टेज कुठेच दिलेलं नसेल, तर सिरॅमिक कपॅसिटरच्या रीडिंगवर वाद घालायचा हक्क तुम्ही तिथेच गमावला.

काउंट (स्क्रीन जास्तीत जास्त किती मोठा आकडा दाखवू शकते) म्हणजे अचूकता नव्हे. ६००० काउंटचा मीटर ‘०.५ टक्के अधिक ३ डिजिट’ (म्हणजे शेवटच्या अंकात ३ चा फरक) म्हणत असेल आणि ६०.०० ओमच्या रेंजवर १० ओम मोजत असेल, तर ०.०५ ओम टक्क्यांचे आणि ०.०३ ओम डिजिटचे, म्हणजे एकूण ०.०८ ओम इकडे-तिकडे होऊ शकतात. ०.५ टक्क्यांचे इथे ०.८ टक्के झाले. प्रत्येक मीटरसाठी, तुम्ही मोजणार त्या प्रत्येक पार्टवर, हा हिशेब आधीच कागदावर मांडून ठेवा. नंतर रीडिंग आलं की ते या पट्ट्यात बसतं की नाही, एवढंच बघायचं.

## टप्पा ३: संदर्भाचे पार्ट गोळा करा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि बाकी सगळी मेहनत वाया जाते. ड्रॉवरमधला कुठलाही पार्ट संदर्भ होऊ शकत नाही. संदर्भाची टॉलरन्स (छापील किमतीपासून किती फरक असू शकतो) मीटरच्या दाव्याच्या निदान चारपट चांगली हवी: मीटर ०.५ टक्के म्हणत असेल तर संदर्भ ०.१ टक्क्याचा घ्या.

- रेझिस्टर: ०.१ टक्का टॉलरन्सचे थिन फिल्म. १० ओम, १ किलोओम, १०० किलोओम आणि १ मेगाओम पुरतात.
- लहान कपॅसिटर: फक्त सी०जी, म्हणजेच एनपी० या स्थिर जातीचे सिरॅमिक. १० पिकोफॅरड, १०० पिकोफॅरड, १ नॅनोफॅरड आणि १० नॅनोफॅरड, १ टक्क्याचे मिळाले तर उत्तम.
- मोठा कपॅसिटर: १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. पायांचा असला तरी चालतो.
- इंडक्टर: १०० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोहेन्रीचा एकेक. यांची टॉलरन्स बहुधा ढिलीच असते, त्यामुळे यांच्याकडे ‘दोन्ही मीटर एकमेकांशी जुळतात का’ इतकंच बघण्यापुरतं पाहा.

सी०जी कपॅसिटरला चारपटीचा नियम क्वचितच पाळता येतो. तेव्हा ५ टक्क्यांचा घेतलात, तर मीटर १ टक्क्यात आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. सी०जी घ्यायचा तो त्याच्या स्थिरतेसाठी. तापमानाने तो अंशाला ३० पीपीएमच्या (दशलक्षात ३० भागांच्या) आत हलतो, आणि व्होल्टेज किंवा वय यांचा त्याच्यावर जवळपास परिणाम होत नाही. दोन मीटर त्यावर वेगळं दाखवत असतील तर फरक मीटरमध्येच आहे, कपॅसिटरमध्ये नाही.

एक्स७आर, एक्स५आर आणि वाय५व्ही या कमी स्थिर सिरॅमिक जाती संदर्भ म्हणून बाद. ते वेगळ्या डबीत ठेवा, त्यांची पाळी टप्पा ६ मध्ये येईल.

इशारा: चिप कपॅसिटरवर किंमत छापलेली नसते. पट्टीतून काढला की लगेच नाव लिहिलेल्या डबीत टाका. दोन सारखे दिसणारे कपॅसिटर अदलाबदल झाले की तुलना तिथेच संपली.

## टप्पा ४: जागा आणि चिमटा तयार करा

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जरची वायर काढून ठेवा. काही मीटरचं रीडिंग यूएसबी लावल्यावर थरथरायला लागतं. ते मुद्दाम तपासायचं असेल तर वेगळी नोंद करा, पण मुख्य मोजणी बॅटरीवरच.

टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फ्लक्सचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण १ मेगाओमच्या रीडिंगमध्ये तो दिसतो. मग टोकं हळूच दाबून बघा: ती समोरासमोर येतात की एकमेकांना चुकवून पुढे-मागे जातात? स्वस्त चिमट्यांची सर्वात मोठी खोट हीच असते, आणि ती कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते. १२०६ आकारावर ती जाणवणार नाही. ०४०२ हा पार्ट जेमतेम १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तिथे वाकडी टोकं पार्ट फिरवून उडवून देतात.

पार्ट प्लास्टिकच्या किंवा चिनीमातीच्या कोरड्या ताटलीत ठेवून मोजा. अँटिस्टॅटिक मॅटवर नको. असली मॅट मुद्दामच किंचित वाहक बनवलेली असते, आणि मोठ्या रेझिस्टरच्या रीडिंगला ती समांतर वाट देते.

नुकताच सोल्डर केलेला किंवा उतरवलेला सिरॅमिक कपॅसिटर त्या दिवशी मोजू नका. एक्स७आरसारखे पार्ट तापले की त्यांचा कपॅसिटन्स वाढतो आणि मग तास-दिवसांच्या हिशेबाने हळूहळू उतरतो. निदान २४ तास थांबा.

## टप्पा ५: शून्य साधा, आणि पार्टच्या आकाराचं साधा

ओपन (टोकं सुटी) आणि शॉर्ट (टोकं एकमेकांना टेकलेली) अशी दोन शून्यं असतात. शॉर्ट सोपं: टोकं एकमेकांवर घट्ट दाबा आणि रीडिंग स्थिर झालं की शून्य करा. यासाठी शून्य ओमचा चिप जंपर वापरू नका. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स ५० मिलिओमपर्यंत असू शकतो आणि तो तुम्ही मीटरच्या शून्यात कायमचा मिसळून टाकाल.

खरी गडबड ओपनमध्ये होते. लोक चिमटा पूर्ण उघडा ठेवून शून्य करतात आणि मग १.६ मिलिमीटरचा ०६०३ मोजतात. पण टोकं जवळ आली की त्यांच्यातला कपॅसिटन्स वाढतो. म्हणजे ज्या अंतरावर शून्य केलं, त्या अंतरावर मोजणी झालीच नाही. १ मायक्रोफॅरडला याने काही बिघडत नाही, पण १० पिकोफॅरडच्या रीडिंगचा मात्र सगळा अर्थ बदलतो.

क्रम असा ठेवा:

१. मोजायचा पार्ट ताटलीत ठेवा आणि टोकं त्याच्या शेजारी, त्याच्याच लांबीइतक्या अंतरावर, काही न पकडता धरा.
२. बोटं टोकांपासून जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवा. मोजतानाही पकड तीच हवी.
३. रीडिंग स्थिर झालं की ओपन शून्य करा.
४. चिमटा उघडा, पुन्हा त्याच अंतरावर आणा. हे चार-पाच वेळा करा आणि शून्य किती हलतं ते लिहा.
५. पार्टचा आकार बदलला की १ पासून पुन्हा.

मीटरला शून्य साधायची सोयच नसेल तरी तो लगेच बाद करायची गरज नाही. ओपनचे पिकोफॅरड आणि शॉर्टचे ओम कागदावर लिहा, रीडिंगमधून वजा करा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

तपासणी: चौथ्या पायरीत शून्य अर्ध्या पिकोफॅरडने हलत असेल, तर त्या मीटरवर १० पिकोफॅरडमध्ये ५ टक्क्यांची अनिश्चितता आधीच आली. स्क्रीनवर तीन दशांश स्थळं दिसतात म्हणून फसू नका.

तपासणी: मीटर बंद करून पुन्हा चालू करा. शून्य लक्षात राहिलं का? ते विसरणारा आणि वर दोन मिनिटांत आपोआप बंद होणारा मीटर रोजच्या वापरात फार छळतो.

## टप्पा ६: मोजणी, ठरलेल्या क्रमाने

दोन्ही मीटरवर एकच पार्ट लागोपाठ मोजा, सगळे पार्ट एका मीटरवर आणि मग सगळे दुसऱ्यावर असं नको. प्रत्येक पार्ट पाच वेळा सोडा आणि पुन्हा धरा. पाचही रीडिंग लिहा, फक्त आवडलेलं नको.

### रेझिस्टर

यांच्यापासून सुरुवात करा, कारण इथे वादाला जागा नसते. १ किलोओमवर दोन्ही मीटर आपापल्या पट्ट्यात बसले नाहीत, तर पुढे जाऊ नका. शून्य, बॅटरी आणि टोकं पुन्हा बघा. १० ओमवर पाच रीडिंगमध्ये फरक पडत असेल तर तो बहुधा टोकं आणि पार्ट यांच्यातल्या संपर्काचा असतो. थोडं जास्त दाबून बघा. दाबाने रीडिंग बदलत असेल तर तो त्या चिमट्याच्या स्प्रिंगचा आणि टोकांचा दोष आहे, आणि तो गुण-दोषांच्या यादीत वरच्या ओळीत जातो.

### सी०जी आणि फिल्म कपॅसिटर

दोन्ही मीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर बांधून ठेवा. ऑटो मोडमध्ये प्रत्येक मीटर आपल्या मर्जीने फ्रिक्वेन्सी निवडतो आणि तुम्ही सफरचंद-संत्री मोजत बसता. १० आणि १०० पिकोफॅरडसाठी मीटरची सर्वात वरची फ्रिक्वेन्सी घ्या, बाकीच्यांना १ किलोहर्ट्झ. १० पिकोफॅरड सोडल्यास या गटात दोन मीटर सहसा जवळजवळ जुळतात. नाही जुळले, तर ज्याची पाच रीडिंग एकमेकांच्या जवळ आहेत त्याला झुकतं माप द्या. सातत्याने दीड टक्का जास्त दाखवणारा मीटर वापरता येतो, कारण ती चूक मनात धरता येते. दर वेळी नवीन आकडा दाखवणाऱ्याचं काय करणार?

### इलेक्ट्रोलिटिक

मोजण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज करा, नेहमी. चिमट्याच्या आतलं संरक्षण तुटपुंजं असतं आणि एका चार्ज असलेल्या कपॅसिटरने मीटर कायमचा जाऊ शकतो.

फ्रिक्वेन्सी १०० किंवा १२० हर्ट्झ ठेवा, कारण इलेक्ट्रोलिटिकवर छापलेली किंमत त्याच फ्रिक्वेन्सीची असते. १० किलोहर्ट्झवर मोजलात तर कपॅसिटन्स कमी दिसेल आणि चांगला कपॅसिटर खराब ठरेल. ईएसआरचं याच्या उलट: लो-ईएसआर जातीचे आकडे १०० किलोहर्ट्झला दिलेले असतात. १०० मायक्रोफॅरड आणि १२० हर्ट्झला डी (कपॅसिटरमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण) ०.१ असेल तर ईएसआर १.३ ओम निघतो. तोच कपॅसिटर १०० किलोहर्ट्झला त्याहून बराच कमी दाखवू शकतो. त्यामुळे ईएसआरची तुलना करताना फ्रिक्वेन्सी शेजारी लिहिलेली नसेल, तर तो आकडा खोडून टाका.

सिरीज आणि समांतर मोडचा (मीटर कपॅसिटर आणि त्याचा रेझिस्टन्स एकामागे एक धरतो की शेजारी-शेजारी, याचा) घोळही इथेच बाहेर येतो. सिरीज मोडमधला कपॅसिटन्स समांतरपेक्षा डी-वर्गाच्या प्रमाणात जास्त असतो. डी ०.१ असेल तर फरक फक्त १ टक्का, पण ०.५ असेल तर थेट २५ टक्के. जुन्या, सुकत चाललेल्या कपॅसिटरवर दोन मीटर भांडत असतील तर आधी मोड बघा. इलेक्ट्रोलिटिकसाठी दोन्हीकडे सिरीज ठेवा.

चार्जिंगच्या वेळेवरून मोजणाऱ्या पहिल्या जातीच्या मीटरमध्ये आणखी एक खोच आहे. कपॅसिटर गळका असेल तर तो भरायला जास्त वेळ लागतो, आणि मीटर त्याचा कपॅसिटन्स जास्त दाखवतो. छापील किमतीपेक्षा बराच जास्त दिसणारा जुना इलेक्ट्रोलिटिक म्हणूनच संशयास्पद समजायचा.

### एक्स७आर, एक्स५आर आणि मंडळी

आता ती वेगळी डबी उघडा. या कपॅसिटरची किंमत उत्पादक ठरावीक अटींवर सांगतात: साधारणपणे १० मायक्रोफॅरडपर्यंत १ किलोहर्ट्झ आणि १ व्होल्ट आरएमएस, त्यापुढे १२० हर्ट्झ आणि ०.५ व्होल्ट. चिमटा-मीटर बऱ्याचदा याहून कमी व्होल्टेज वापरतात, आणि या जातीच्या कपॅसिटरमध्ये एसी व्होल्टेज कमी केलं की कपॅसिटन्सही कमी दिसतो. सुरुवातीच्या ९.१ आणि ७.४ चं कोडं बहुधा इथेच सुटतं. मीटरमध्ये व्होल्टेज बदलायची सोय असेल, तर तोच पार्ट दोन व्होल्टेजना मोजून बघा. आकडा हललेला दिसेल.

बोटात धरलेला पार्ट कोमट होतो, तेही टाळा.

### इंडक्टर

१०० मायक्रोहेन्रीवर दोन्ही मीटर जुळायला हवेत. १० मायक्रोहेन्रीवर फ्रिक्वेन्सी कमाल ठेवा. त्याखाली गेलात की तारेचा रेझिस्टन्स वरचढ होतो. १० किलोहर्ट्झला १ मायक्रोहेन्रीचा ०.०६३ ओम आणि तारेचा अर्धा ओम, अशा वेळी ऑटो मोड बेधडक ‘रेझिस्टर’ सांगतो. हा बिघाड नाही.

## टप्पा ७: ऑटो मोड, डायोड आणि बोर्डवरची परीक्षा

ऑटो मोडला शेवटी तपासा. तुमच्या सगळ्या पार्टवरून एकदा फिरा आणि कुठे ओळख चुकते त्याची यादी करा. यादी दोन्ही मीटरची वेगळी निघेल, आणि रोज वापरताना तीच सर्वात उपयोगी पडेल.

माहितीतला डायोड धरून कुठलं टोक प्लस आहे ते बघा आणि त्यावर खूण करा. पांढरी किंवा निळी एलईडी पेटते का? तिला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि तेवढं व्होल्टेज सगळे चिमटे देत नाहीत. न पेटणारी एलईडी मेलेली आहे असं लगेच ठरवू नका.

बोर्डवर मोजायचं असेल तर सप्लाय पूर्ण काढा, कपॅसिटर रिकामे करा आणि मीटरचं चाचणी व्होल्टेज सर्वात कमी ठेवा. ०.३ व्होल्टच्या आत सिलिकॉनचे जंक्शन सहसा गप्प बसतात. शॉट्की डायोड मात्र त्याआधीच बोलायला लागतात. तरीही समांतर वाटा राहतातच, म्हणून बोर्डवरचा रेझिस्टर छापील किमतीपेक्षा कमी दिसला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जास्त दिसला, आणि कपॅसिटर खरंच रिकामे केलेले असले, तर मात्र तो काढून तपासा. कपॅसिटरचं उलट: एका सप्लाय रेलवरचे डिकपलिंगचे (सप्लाय स्थिर ठेवणारे) सगळे कपॅसिटर समांतर असतात, त्यामुळे त्या रेलवर चिमटा लावलात तर त्यांची बेरीज दिसते.

## टप्पा ८: निवड

आता कागदावर प्रत्येक पार्टपुढे दोन आकडे असतील: संदर्भापासूनचा फरक आणि पाच रीडिंगमधला पसारा. दुसऱ्या आकड्याला जास्त वजन द्या. मग टप्पा १ ची यादी समोर घ्या आणि तुमच्या कामात न येणाऱ्या ओळी खोडा. १ मायक्रोहेन्रीवर हरलेला मीटर तुम्ही इंडक्टर मोजतच नसाल तर हरलेला नाही.

दोघे जवळपास सारखे निघाले तर माझा कल टोकांकडे असतो. टोकं बदलून मिळतात का, समोरासमोर येतात का, स्प्रिंग इतकी कडक तर नाही ना की अर्ध्या तासात अंगठा दुखेल? त्यानंतर रीडिंग किती पटकन स्थिर होतं आणि डाव्या हाताने धरल्यावर स्क्रीन वळते का. रंगीत स्क्रीन, ग्राफ आणि ब्लूटूथ हे मी हिशेबात धरत नाही.

निवडलेल्या मीटरचा कागद आणि संदर्भाची डबी एकत्र ठेवा. टोकं बदलली, मीटर हातातून पडला किंवा फर्मवेअर अपडेट केलं, की १ किलोओम, १०० पिकोफॅरड आणि १ मायक्रोफॅरड हे तीन पार्ट पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशी ताडून बघा.